ब्लू होल, गोझो : डाइव्हआधी वाचा

सभासदांनो, माल्टातल्या गोझो बेटावर ड्वेयरा इथलं ब्लू होल म्हणजे चुनखडीतली साधारण 10 मीटर रुंद, 15 मीटर खोल विहीरच. समुद्राकडे जायची कमान पाण्याखाली आहे. पश्चिम किंवा वायव्येकडून लाटा असतील तर डाइव्ह रद्द, यावर वाद नको. उतरणं जमतं, पण परत खडकावर चढताना लाट आपटते. पार्किंगपासून वाट धारदार दगडांची आहे. जाड तळव्याचे बूट घाला, फिन्स पाण्यापाशी जाऊनच चढवा.

तिथल्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बरेचदा डिन, म्हणजे रेग्युलेटर (श्वासाची हवा देणारं यंत्र) आत फिरवून बसवायचे असतात. योक, म्हणजे व्हॉल्व्हवर बाहेरून आवळायचा रेग्युलेटर असलेल्यांनी इन्सर्ट (डिन व्हॉल्व्हवर योक बसवणारा जोड) मिळेल का, हे आदल्या दिवशीच विचारावं. भूमध्य समुद्र अरबी समुद्राहून खारट, त्यात शरीर जास्त तरंगतं, म्हणून घरी बुडताना लावता ते शिशाचं वजन पुरेलच असं नाही. सिलिंडरमध्ये 50 बार (हवेचा दाब) उरलेले असताना 5 मीटरवर स्थिर राहता आलं पाहिजे.

फ्रीडायव्हर्स (श्वास रोखून बुडी मारणारे), स्कूबा (सिलिंडर लावून बुडी) केलेल्या दिवशी फ्रीडाइव्ह नाही म्हणजे नाही. रक्तात उरलेले नायट्रोजनचे बुडबुडे खोल जाताना आक्रसतात, फुप्फुसांच्या गाळणीतून निसटून धमन्यांत जाऊ शकतात. उलटा क्रम, आधी हलकी फ्रीडाइव्ह मग स्कूबा, तुलनेने बरा. जोडीतला एक खाली, एक वर. वर आलेल्याकडे किमान 30 सेकंद नजर ठेवा, कारण शुद्ध बहुतेकदा पृष्ठभागाजवळच हरपते. बुडीआधी जोरजोरात श्वास घेऊ नका, त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, फक्त श्वास घ्यावासा वाटण्याची हाक उशिरा येते.

शेवटच्या डाइव्हनंतर विमान किमान 18 तासांनी.