अभियांत्रिकीचे विषय सरसकट चुकीच्या वर्गात टाकल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
पुणे कार्यालय

विषय: ‘संपूर्ण अर्ज तपासणी’ या सेवेतील गंभीर चूक, शुल्क परतावा आणि फेरतपासणीची मागणी

महोदय,

माझ्या मुलीने न्यू जर्सीतून बायोमेडिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि यंदा अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलसाठी ॲमकासमार्फत, म्हणजे तिथल्या मेडिकल स्कूलचे अर्ज एकत्रित स्वीकारणाऱ्या सेवेमार्फत, अर्ज केला. अर्जातली प्रत्येक नोंद जाणकार माणूस तपासून देईल, असे तुमच्या माहितीपत्रकात लिहिले होते. त्या भरवशावर आम्ही पूर्ण शुल्क आगाऊ भरले. तुमचे सल्लागार मराठीत बोलतात, घरच्यांनाही नीट समजावून सांगतात, म्हणून तुम्हाला निवडले.

ॲमकासच्या अर्जात ट्रान्सक्रिप्टवरच्या (विद्यापीठाच्या गुणपत्रकावरच्या) प्रत्येक विषयाला एक वर्ग द्यावा लागतो. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित या चार वर्गांतल्या गुणांवरून बीसीपीएम, म्हणजे विज्ञानाचा जीपीए (4 पैकी सरासरी गुणांक) निघतो. अभियांत्रिकी हा वर्ग त्यात धरला जात नाही, तो ‘इतर’मध्ये जातो. गणित आणि भौतिकशास्त्रावर उभे असलेले चार वर्षांचे शिक्षण विज्ञानाच्या हिशेबातून बाहेर राहावे, हे मला आजही पटत नाही. पण तो ॲमकासचा नियम आहे, त्याबद्दल तुमच्याशी वाद नाही. वाद पुढच्या मुद्द्यावर आहे. विषयाचा वर्ग ठरतो तो त्यात मुख्यतः काय शिकवले त्यावरून. तो कोणत्या विभागाने शिकवला, ही गोष्ट त्यासाठी पुरेशी नाही. शंका असेल तर विद्यापीठाने दिलेले विषयाचे वर्णन पाहावे, असे ॲमकासच्या मार्गदर्शिकेतच सांगितले आहे.

तुमच्या तपासनिसांनी ते वर्णन उघडूनही पाहिले नाही. ज्या विषयाच्या क्रमांकाआधी ‘बीएमई’ (बायोमेडिकल इंजिनिअरिंग) दिसले, तो त्यांनी अभियांत्रिकीत टाकला. फ्लुइड मेकॅनिक्स, सर्किट्स, डिझाइन प्रोजेक्ट हे तिथे गेले ते योग्यच, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण दोन सत्रांचे फिजिऑलॉजी? त्यात हृदय, मूत्रपिंड, मज्जासंस्था यांचे कार्य शिकवले होते, आणि हे विद्यापीठाच्या वर्णनात पहिल्याच ओळीत आहे. पेशीजीवशास्त्राचा विषयही तसाच गेला. संख्याशास्त्र तर ॲमकासच्या मार्गदर्शिकेत गणिताखाली येते, बायोस्टॅटिस्टिक्ससुद्धा. तेही तुम्ही अभियांत्रिकीत ढकलले.

याचा परिणाम आकड्यांत सांगते. हे चार विषय मिळून 14 क्रेडिटचे, आणि चारही विषयांत तिला ‘ए’ आहे. ते वगळल्यावर तिचा बीसीपीएम 48 क्रेडिटवर 3.42 निघाला. धरले असते तर 62 क्रेडिटवर 3.55 झाला असता. पहिल्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत आलेले कमी गुण तिने पुढे याच विषयांत कष्ट करून भरून काढले होते. निवड समितीने पाहावा असा तिचा जो चढता आलेख होता, नेमका तोच तुमच्या तपासणीने विज्ञानाच्या रकान्यातून काढून टाकला.

तिने अर्ज पाठवण्याआधी याच विषयांबद्दल ईमेलने विचारले होते. उत्तर आले, ‘विभाग इंजिनिअरिंगचा असला की विषय इंजिनिअरिंगचाच, काळजी करू नका.’ हे उत्तर आमच्याकडे जपून ठेवले आहे, सोबत जोडत आहे. एकदा अर्ज सादर झाला की विषयांच्या नोंदी अर्जदाराला स्वतः बदलता येत नाहीत, हे तुम्हाला माहीत असायला हवे. त्यासाठीच तर पाठवण्याआधी तपासणी करून घ्यायची असते.

केवळ या आकड्यामुळे तिला मुलाखतीचे बोलावणे आले नाही, असे मी म्हणणार नाही. तसे सिद्ध करता येणार नाही, आणि खोटे आरोप मला करायचे नाहीत. पण जे काम करून देतो म्हणून तुम्ही पैसे घेतले, ते काम तुम्ही केले नाही, एवढे निश्चित आहे. चूक दाखवल्यावर तुमच्या प्रतिनिधीने फोनवर ‘शेवटी अर्ज तुमच्या मुलीच्या नावाने असतो’ असे उत्तर दिले. तपासणीचे शुल्क घेताना हे वाक्य कुणी उच्चारले नव्हते.

तपासणीचे पूर्ण शुल्क परत करावे. ती पुढच्या फेरीत पुन्हा अर्ज करणार आहे. तेव्हा प्रत्येक अभियांत्रिकी विषयाचे वर्णन वाचून वर्ग ठरवून द्यावा, आणि संदिग्ध विषयाबाबत तो वर्ग का दिला याचे कारण लेखी द्यावे. यासाठी वेगळे पैसे मागू नयेत. अर्ज न पाठवलेले अभियांत्रिकीचे जे विद्यार्थी सध्या तुमच्याकडे आहेत, त्यांच्या याद्या आजच पुन्हा काढून पाहाव्यात. त्यांचे नुकसान अजून टाळता येईल. माझ्यासाठी ही मागणी परताव्याइतकीच महत्त्वाची आहे.

उत्तर फोनवर नको, लेखी पाठवावे. पंधरा दिवसांत ते न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन.

आपली,
अर्जदाराची आई

सोबत: शुल्काची पावती, तपासनिसांनी पाठवलेली विषययादी, ईमेलची प्रत, चारही विषयांची विद्यापीठाने दिलेली वर्णने