आण्णा, निकाल लागायच्या आधीच हे पत्र

आदरणीय आण्णांना साष्टांग नमस्कार,

येत्या रविवारी बेळगावहून म्हैसूरची गाडी पकडायची आहे. तिथल्या एअर फोर्स सिलेक्शन बोर्डाचं बोलावणं आलंय, हे आईने तुम्हाला सांगितलंच असेल. निकाल लागला की पेढे घेऊन जायचं आणि पाया पडायचं, ही आपल्याकडची रीत. पण तसं केलं तर ते आभार निकालाचे होतात. मला आभार मानायचेत ते 2022 च्या जुलैतल्या एका संध्याकाळचे, आणि ते निकालावर टांगून ठेवायचे नाहीत. पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण त्या संध्याकाळी मी तुमच्या ओसरीवर जो प्रश्न घेऊन आले होते तोच आपल्या भागातल्या कितीतरी घरांत आज चालू आहे. पायलट व्हायचंय, तर आधी भरती व्हावं का?

आपल्या गडहिंग्लज-चंदगडच्या पट्ट्यात ‘भरती’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पहाटे चारला रस्त्यावर पळणाऱ्या पोरांच्या पावलांनी गाव जागं होतं. माझी बारावी झाली त्याच महिन्यात, 14 जूनला, सैन्यभरतीची अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची सेवा. पहिल्या वर्षी महिना 30 हजार, त्यातले 21 हजार हातात. बाहेर पडताना सेवा निधीचे 10 लाखांच्या वर. बाबा साखर कारखान्यात हंगामी कामाला. हंगाम बंद झाला की आमच्या घरात किराणा उधारीवर येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. 21 हजार हा आकडा आईने दिवसातून किती वेळा उच्चारला असेल, मोजलं नाही. हवाई दल पुढच्या वर्षीपासून मुलींनाही अग्निवीर म्हणून घेणार, असं ऐकू येत होतं. माझा हिशोब सरळ होता. एअरमन, म्हणजे हवाई दलातला अधिकारी नसलेला सैनिक, म्हणून आत शिरायचं, एकदा गणवेश अंगावर आला की आतल्या आत वर चढत जायचं आणि पायलट व्हायचं. शिपायाचा हवालदार होतो, हवालदाराचा फौजदार होतो, तसं.

हवाई दलातून रिटायर झालेले तुम्ही, माझं सगळं ऐकून घेतलंत आणि काहीच बोलला नाहीत. आत गेलात आणि सुताराची टेप घेऊन आलात. मला चौकटीला पाठ लावून उभं केलंत. 164 सेंटिमीटर. “पायलटला कमीत कमी 162.5 लागते. निघालीस.” मग भिंतीला टेकून खाली बसवलंत, पाय सरळ करायला लावले आणि भिंतीपासून टाचेपर्यंत टेप धरलीत. 101. “99 च्या खाली गेली असतीस तर पेडलपर्यंत पाय पोचत नाही म्हणून घरी धाडतात. 120 च्या वर गेलीस तरी धाडतात.” मांडीचं मापसुद्धा घेतलंत, ते 64 च्या वर चालत नाही म्हणून. डोळे गडहिंग्लजला जाऊन तपासून ये, रंग ओळखायची चाचणीही करून घे, म्हणालात. तोपर्यंत मी पायलट व्हायचं स्वप्न सांगितलं की लोक एक तर कौतुक करायचे, नाही तर हसायचे. त्या स्वप्नाला टेप लावणारे तुम्ही पहिले.

मी मोबाइलवर बघितलेले बरेच व्हिडिओ अमेरिकेचे होते. तिथल्या आर्मीत वॉरंट ऑफिसर हेलिकॉप्टर उडवतात. ते सांगितल्यावर तुम्ही भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बोट केलंत. “मीपण वॉरंट ऑफिसर होऊनच रिटायर झालो बघ. शब्द तोच, पण आपल्याकडं त्याचा अर्थ येगळा.” आपल्या हवाई दलात विमान चालवणारा प्रत्येक जण कमिशन घेतलेला अधिकारी असतो. एअरमनची शिडी कॉर्पोरल, सार्जंट, ज्युनियर वॉरंट ऑफिसर, वॉरंट ऑफिसर, मास्टर वॉरंट ऑफिसर अशी जाते. ती सन्मानाची शिडी आहे, पण ती कॉकपिटमध्ये उघडत नाही. एअरमनलाही उडायला मिळतं. मालवाहू विमानांत आणि हेलिकॉप्टरांत फ्लाइट इंजिनिअर असतात, फ्लाइट गनर असतात. नुसतं आकाशात जायचं असेल तर तेही आहे, म्हणालात. “पर विमानाची दांडी हातात पाहिजे असंल, तर दुसऱ्या दारानं जावं लागतंय.”

मग वहीचं एक पान फाडून तुम्ही माझी जन्मतारीख लिहिलीत. मार्च 2005. ते पान अजून माझ्याकडे आहे. एनडीए, म्हणजे बारावीवर अधिकारी व्हायची परीक्षा : साडेसोळा ते साडेएकोणीस. एफकॅट, म्हणजे पदवीवर हवाई दलात अधिकारी व्हायची परीक्षा : 20 ते 24, आणि वय धरतात ते परीक्षेच्या दिवशीचं नव्हे, कोर्स सुरू होतो त्या दिवशीचं, म्हणजे परीक्षेनंतर जवळजवळ वर्षाने. खाली तुम्ही गणित मांडलंत. 2023 ला भरती झालीस तर 2027 ला बाहेर. वय 22. त्या दिवशी हातात पदवी नसेल तर एफकॅट बंद. पदवी असली आणि 60 टक्के नसले तरी बंद. दोन्ही असलं तर मिळून मिळून एक-दोन प्रयत्न. ट्रेनिंग, ड्युटी, रात्रपाळी सांभाळून बाहेरून पदवी करायची ती चांगल्या टक्क्यांनी. “करणारी पोरं असत्यात. मी न्हाई करू शकलो.”

एवढंच वाक्य. पुढे मी विचारलं तेव्हा सांगितलंत. सतराव्या वर्षी तुम्ही हवाई दलात गेलात ते हेच मनात धरून, आत गेल्यावर वर चढू म्हणून. मिगच्या पंखाखाली उभं राहून पायलटचे पट्टे आवळून द्यायचात आणि रात्री बाहेरून बी.ए.चा अभ्यास करायचात. पदवी हातात आली तेव्हा पंचविसावं लागलं होतं. कुणाचा दोष नव्हता, दिवस निघून गेले होते. चाळीस वर्षं घरात कुणाला न सांगितलेली गोष्ट तुम्ही शेजारच्या एका पोरीला सांगितलीत, तिचे दिवस जाऊ नयेत म्हणून. आण्णा, पत्राचं खरं कारण हे आहे.

आणि तरी तुम्ही भरतीच्या विरोधात नव्हता, हे लिहायलाच हवं. गावात उलटंच पसरलं होतं. त्याच महिन्यात माझा चुलतभाऊ फॉर्म घेऊन आला, तेव्हा तुम्ही त्याला एका शब्दाने अडवलं नाहीत. दादा लहानपणापासून मोटारी आणि पाण्याचे पंप खोलून बसणारा. त्याला तुम्ही म्हणालात, “जा. इंजिनावर जीव आहे तुझा.” 2023 मध्ये बेळगावच्या सांबऱ्याला त्याची पासिंग आउट परेड झाली. तुम्ही जुनी पदकं लावून आला होता, आणि परेड संपल्यावर तो आईबापाच्या आधी तुमच्याकडे धावला. त्याची चार वर्षं पुढच्या वर्षाअखेर संपतात. ज्या 25 टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे ठेवतात त्यात आपला नंबर लागेल का, याची काळजी त्याला आहे, आम्हालाही आहे. पण तो रोज ज्या कामाला जातो ते त्याला आवडतं. एअरमनची नोकरी पायरी म्हणून करणाऱ्याला ती नीट करता येत नाही, असं तुम्ही मला बजावलं होतं. नट कमी आवळला तर वर कुणाचा तरी जीव जातो. दादाकडे बघून ते कळलं.

आर्मीत गेलेल्या पोरांसाठी एक लांबची वाट असते, तीही तुमच्याकडूनच कळली. जवान म्हणून लागून आर्मी कॅडेट कॉलेजमधून डेहराडूनला अधिकारी व्हायचं, आणि मग आर्मी एव्हिएशन मागायचं. त्यांचं हेलिकॉप्टरचं प्रशिक्षण आपल्या नाशिक रोडलाच होतं. वाट खरी आहे, पण प्रत्येक वळणावर वेगळी निवड.

तुमच्या घरात फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखोंचा फोटो आहे. 14 डिसेंबर 1971, श्रीनगर, एकटं नॅट विमान घेऊन शत्रूच्या सेबर विमानांना भिडलेले. हवाई दलाचं एकमेव परमवीर चक्र. त्यांचे वडीलही हवाई दलात वॉरंट ऑफिसर होते, हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता.

पुढची दोन वर्षं मात्र सोपी गेली नाहीत. एनडीएच्या लेखी परीक्षेत पहिल्यांदा नापास. देशभरातून फ्लाइंगसाठी मुलींना जागा किती, तर 92 पैकी 2. दुसऱ्यांदा लेखी निघाली. तुम्ही नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राचा पत्ता दिलात. राज्य सरकारचं केंद्र, शिकवणं, राहणं, जेवण सगळं मोफत, आणि आपल्याकडच्या निम्म्या पोरांना ते ठाऊकच नाही. तिथून तयारी करून गेले आणि मुलाखतीच्या पहिल्याच दिवशी, स्क्रीनिंगमध्ये, बाहेर पडले. दुपारी बॅग उचलून स्टेशनवर आले. घरी पोचले तेव्हा आई रडली नाही की ओरडली नाही. म्हणाली, “आता तरी भरतीचा फॉर्म भर.” तिचं चुकत नव्हतं. मी एकोणीस वर्षांची, अग्निवीरला 21 पर्यंत वाव होता, आणि त्या वर्षी उसाचा हंगामही लवकर आटोपला होता.

त्या रात्री मी फॉर्म भरायला बसलेही. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी आलात. मला काही बोलला नाहीत, आईसमोर बसलात. “वहिनी, पोरगीनं भरती व्हावं असं तिला मनापासनं वाटत असंल तर मी सोता सोडायला जातो. पर ती रडत रडत फॉर्म भरत असंल, तर तिला बी.एस्सी. पुरी करू दे. भौतिकशास्त्राची पोरगी आहे, शिकवण्या घेऊन घरात पैसे आणंल.” आणि मी ते केलं. दहावीची आठ मुलं, सकाळी सहा ते आठ. 21 हजार कधीच आले नाहीत. पण बाजाराच्या उधारीची वही त्या पैशांवर बंद झाली, आणि आईने पुन्हा विषय काढला नाही.

यंदा 66 टक्क्यांनी पदवी झाली. ऑगस्टमध्ये एफकॅट दिली. 100 प्रश्न, दोन तास, चुकलं की गुण कापतात. निघाली.

आता म्हैसूर. या वेळी स्क्रीनिंगच्या पुढे गेले आणि बोर्डाने पसंत केलं, तर पायलटची ती संगणकावरची चाचणी. आयुष्यात एकदाच देता येते. त्यात नापास झालं की फ्लाइंगचं दार कायमचं बंद, मग वय कितीही शिल्लक असो. तिची भीती वाटते, तुमच्यापासून लपवत नाही. परवा तुम्हाला विचारलं की काय वाचू, तर म्हणालात, “वाचायचं काय न्हाई त्यात. आदल्या रात्री झोप.” मी झोपणार आहे. निघालं तर पुढे वैद्यकीय तपासणी, गुणवत्ता यादी, आणि मग हैदराबादजवळ दुंडिगलची एअर फोर्स अकॅडमी. नाही निघालं तर मी फ्लाइंगला पूर्ण धडक देऊन परत आलेली असेन, आणि तेव्हाही हे पत्र मी मागे घेणार नाही.

तुमची टेप त्या संध्याकाळपासून आमच्याकडेच राहिली आहे. खालच्या आळीतली दहावीतली एक मुलगी परवा शिकवणीनंतर थांबून विचारत होती, “ताई, आधी भरती झालं तर चालतं का?” रविवारी सकाळी, मी निघायच्या आधी, तिला तुमच्याकडे पाठवतेय. टेप तिच्याच हाती देते.

तुमची,
शेजारच्या घरातली पोरगी