न दिसणारा सीआर दाखवणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

स. न.

गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात तुम्ही दोन संध्याकाळी आमच्या टॉवेलच्या कारखान्यात येऊन बसलात आणि घेतलात काय, तर फक्त चहा. शेंगाचटणीचा डबाही मी बळेच पिशवीत कोंबला म्हणून गेला. तेव्हा गडबडीत आभार मानायचे राहिले, ते आज चारचौघांत मानते.

परदेशी गिऱ्हाइकांना गेलेले मेल स्पॅममध्ये पडत होते. डीकेआयएमची सही, म्हणजे मेल आमच्याकडूनच आणि वाटेत न बदलता आला हे पटवणारी डिजिटल सही, जुळत नव्हती; बॉडी हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, चुकत होता. मी चार दिवस सहीच्या किल्ल्या बदलत आणि डीएनएस, म्हणजे आमच्या डोमेनच्या जाहीर नोंदी, तपासत बसले होते. तुम्ही खुर्चीत टेकायच्या आत विचारलंत, "बिलिंगमधून आपोआप जाणारे मेल पोचतात का?" पोचत होते! त्यांना आमचा फिल्टर, म्हणजे बाहेर जाणारे मेल ज्यातून जातात तो प्रोग्राम, तळटीप चिकटवत नाही. बाकीच्यांना चिकटवतो, आणि अकाउंट्सने नुकतीच नवी तळटीप नोटपॅडमध्ये टाईप करून दिली होती: यात्रेनिमित्त कारखाना बंद.

"स्क्रीन काय बघतेस, बाइट बघ," म्हणालात. हेक्सडम्पमध्ये, म्हणजे मेलच्या एकेका बाइटच्या यादीत, तळटिपीच्या प्रत्येक ओळीच्या टोकाला ०डी ०डी ०ए. ०डी म्हणजे सीआर (कॅरेज रिटर्न) आणि ०ए म्हणजे एलएफ (लाइन फीड), ओळ संपल्याच्या न दिसणाऱ्या खुणा. विंडोजने ओळ सीआर-एलएफने संपवलेली. लिनक्सवरचा फिल्टर एलएफच ओळखतो, म्हणून सीआर त्याला मजकूरच वाटला. पुढे मेल बाहेर पडताना प्रत्येक एलएफचा सीआर-एलएफ झाला आणि सीआर झाले दोन. सही दोन्ही धरून झाली, वाटेतल्या सर्व्हरने त्यातला एक उडवला. आमची सही 'रिलॅक्स्ड', म्हणजे किरकोळ फरक माफ करणाऱ्या, पद्धतीची होती, पण ती सवलत स्पेस आणि टॅबपुरती. सुट्या सीआरला माफी नाही.

मग तुमच्यातला टायपिंगचा मास्तर जागा झाला. टाइपरायटरचा दांडा ढकलला की कॅरेज मागे येतो आणि कागदही एक ओळ सरकतो. टेलिप्रिंटरला मात्र ही दोन कामं दोन वेगळ्या खुणांनी सांगावी लागत. तेराव्या आणि दहाव्या क्रमांकाची ही जोडी १९८२च्या एसएमटीपीतही, म्हणजे मेल पाठवायच्या नियमावलीतही, ओळ संपवायला होती, आजही आहे. इतकी वर्षं मी तो भाग पाठ करून परीक्षेत लिहिला, समजला त्या संध्याकाळी.

खरे आभार पुढच्या गोष्टीचे. मी एका फटक्यात सगळीकडचे सीआर पुसायला निघाले होते आणि आत येणाऱ्या मेलमधला सुटा एलएफसुद्धा ओळीचा शेवट म्हणून चालवून घेणार होते. तुम्ही हात धरलात. मेल संपल्याची खूण म्हणजे ओळीवर एकटा टिंब, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पूर्ण सीआर-एलएफ. काही सर्व्हर नुसत्या एलएफमधला टिंबही मानत. त्या ढिलाईतून एका मेलच्या पोटात दुसरा बनावट मेल घुसवता येतो, हे डिसेंबर २०२३मध्ये उघड झालं. आत एलएफ, तारेवर (म्हणजे सर्व्हर-सर्व्हरमध्ये मेल जाताना) सीआर-एलएफ, आणि बदल हद्दीवर एकदाच, हे तुमचं वाक्य मी फिल्टरच्या कोडमध्ये वरच लिहून ठेवलंय.

तळटिपीची फाइल वाचतानाच आता सीआर गळतो. डबा परत करायच्या निमित्ताने तरी या, रिकामा चालेल. अकाउंट्सने होळीची तळटीप पाठवलीय. नोटपॅडमध्येच.

आपली,
कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळणारी