दादाला एक फोन कर

प्रिय दिग्या,

दादाने पळायचे बूट माळ्यावर टाकलेत आणि चालणंही बंद केलंय. समजावून मी थकलो. तो ऐकेल तर तुझंच ऐकेल, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय. बाकी माझी तब्येत ठीक, माईचे गुडघे तसेच.

नाना गेल्यापासून दादाने स्वतःच्या हृदयाची धास्ती घेतली आहे, हे तुला वेगळं सांगायला नको. डॉक्टरांनी एचएस-सीआरपी करायला लावली, म्हणजे शरीरात दाह, आतली सूज असली की रक्तात वाढणाऱ्या सीआरपी या प्रथिनाची बारीक तपासणी. ती ३.४ आली. लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर धोका कमी, १ ते ३ मध्यम, त्यावर जास्त, असे ढोबळ टप्पे मानतात. मग पठ्ठ्या रोज भराभर चालू लागला, पुढे पळू लागला. काही महिन्यांनी आकडा आला ३.१. तिथेच तो हिरमुसला. तरी अर्धमॅरेथॉन पळलाच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त देऊन आला. आकडा ७.८! तेव्हापासून एकच धोशा: "व्यायामाने आतली सूज कमी व्हायची सोडून वाढलीच."

अरे, एकवीस किलोमीटर पळाल्यावर दुसऱ्या दिवशी सीआरपी वाढलेलंच असणार. स्नायूंचे तंतू दुखावतात, त्यांची डागडुजी सुरू होते, इंटरल्युकिन-६ नावाचं निरोप्या प्रथिन लिव्हरला निरोप देतं आणि लिव्हर सीआरपी तयार करू लागतं. ते साधारण एका दिवसाने शिगेला पोचतं आणि काही दिवसांत उतरतं. रक्तातलं सीआरपी निम्मं व्हायला १९ तासांच्या आसपास लागतात. म्हणजे तो ७.८ आकडा त्या शर्यतीचा आहे. त्याच्या हृदयाबद्दल त्यातून काही ठरवता येत नाही. रक्त घेणाऱ्यांनी आदल्या दिवशी काय केलं होतं एवढं विचारलं असतं, तरी हा सगळा घोळ टळला असता.

मला खरं नवल वाटतं ते त्या इंटरल्युकिन-६चं. पोटावरची चरबी आणि तिच्यात शिरलेल्या पेशी ते थोडंथोडं सतत सोडत राहतात, सोबत टीएनएफ हे दाह भडकवणारं द्रव्य. घातक असते ती ही रोजची, वर्षानुवर्षं चालणारी धग. पण काम करणारा स्नायूही तेच इंटरल्युकिन-६ सोडतो! मॅरेथॉननंतर रक्तात ते शंभरपटीपर्यंत वाढू शकतं, तासाभरात उतरायला लागतं, आणि त्याच्या मागोमाग इंटरल्युकिन-१०सारखी दाह शमवणारी द्रव्यं वाढतात. कोपनहेगनच्या बेंटे पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर फार सुंदर काम केलंय. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात निरोगी माणसांना जंतूंच्या विषाची बारीक मात्रा टोचली. विश्रांती घेणाऱ्यांच्या रक्तात टीएनएफ वाढलं. तीन तास सायकल चालवणाऱ्यांत ते दबलेलं राहिलं. व्यायाम न करता नुसतं इंटरल्युकिन-६ दिलं, तरीही दबलं. वाचताना मला सारखा दादा आठवत होता. ज्या गोष्टीला तो घाबरलाय, तीच त्याच्या बाजूने लढतेय.

३.४ वरून ३.१ चं म्हणशील, तर तो फरकच धरायला नको. सीआरपी तसंही वरखाली होत असतं. म्हणून तर तब्येत ठणठणीत असताना, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासून सरासरी घ्यायला सांगतात. शिवाय दादाचं वजन जराही हललेलं नाही. २०१० च्या इन्फ्लेम नावाच्या अभ्यासात माणसांनी चार महिने एरोबिक व्यायाम केला, पण नुसत्या व्यायामाने सीआरपी उतरलं नाही. ज्यांचं वजन घटलं त्यांचंच उतरलं. हे त्याच्यापासून लपवायचं नाही. पण त्याची साखर उतरलीय, रक्तदाब उतरलाय, रिपोर्टात दोन्ही लिहिलेलं आहे, आणि हा एका ओळीवर बोट ठेवून बसलाय!

आता तुझं. "चालणं म्हणजे पळण्याचा आळस" हे वाक्य तुझंच ना? त्यावरून तो तुझ्याशी महिनाभर बोलला नव्हता, आणि सुमीने दोघांना एका खोलीत कोंडलं होतं. ती अर्धमॅरेथॉन तो तुला दाखवायलाच पळला, मी पैज लावतो. तेव्हा ते वाक्य आता तूच मागे घे. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालणं, एवढंच जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. (दादा तसाही गात नसला तर सगळ्यांचं भलंच आहे.)

आणखी एक. त्याच्या हिरड्यांतून अजून रक्त येतं. हिरड्यांच्या आजारानेही सीआरपी वाढतं, पण दाताच्या डॉक्टरांचं नाव काढलं की हा गडी गायब. मागच्या वेळी तूच त्याला धरून नेलं होतंस.

तुझी बदली झाली का? वहिनींची परीक्षा कशी गेली? चिमीला म्हणावं, तिचं चित्र पोचलं, कपाटावर लावलंय. तुझ्या पाठीचं सविस्तर कळव.

फोन रविवारी सकाळी कर, तेव्हा तो घरी असतो. दाताच्या डॉक्टरांची वेळ तूच ठरव. रक्त परत तपासायचं ते हिरड्या बऱ्या झाल्यावर, आणि आधीचे काही दिवस फक्त साधं चालून. तोवर त्याला तो रिपोर्ट माझ्याकडे द्यायला सांग. रोज रात्री काढून बघत बसतो, ते माईला बघवत नाही.

तुझा,
बाळ्या