पहिला धडा ब्रेकचा

कराड,
१२ जानेवारी

प्रिय बंड्या,

परवा फोनवर म्हणालास, "फोटो पाठवू नकोस, फोटोत सगळे नुसते दात काढतात. नीट बसून पत्र लिही." म्हणून बसलोय. हाताची सवय गेली आहे. अक्षर लागलं नाही तर वहिनींकडून वाचून घे. शाळेत त्यांनी याहून भयंकर अक्षरं वाचली असतील.

आधी तुझा राग. पन्नाशीला दोघांनी मिळून विमानातून उडी मारायची हे आपलं ठरलेलं, आणि मी बावन्नाव्या वर्षी एकटाच मारून आलो. पण लेका, तिथे सहीला फॉर्म देतात त्यात हृदयाचं दुखणं आहे का, हे स्पष्ट विचारतात. तू बरोबर असतास तर दोन स्टेंट छातीत घेऊन बेधडक 'नाही'वर खूण केली असतीस. म्हणून आमच्या लेकीने, चिमीने, दुबईची तिकिटं पाठवली तेव्हा तुला कळवलंच नाही. आता मनातल्या मनात दोन शिव्या हासड आणि पुढे वाच.

तर उडी. दुबई मरीनाच्या कडेला, समुद्राला अगदी खेटून एक छोटी धावपट्टी आहे, तिथून विमान उडतं. तिथलं पहिलं काम म्हणजे वजनकाटा. आपल्या मार्केट यार्डात गुळाची ढेप ठेवतात तसं मला काट्यावर उभं केलं. आकडा बघून तुझी वहिनी इतकी हसली की काट्यावरची पोरगीही हसायला लागली. मग पट्ट्यांचं खोगीर चढवलं, इकडून ताण, तिकडून ताण. विमान दोन इंजिनांचं ट्विन ऑटर. आत बाकड्यांवर एकमेकांना टेकून बसायचं. वर जाता जाता, ज्याच्या अंगाला बांधून उडी मारायची त्या माझ्यामागच्या पोराने चार कड्या माझ्या पट्ट्यांत अडकवल्या, खटक, खटक, खटक, खटक. मी मोजल्या. त्याने परत एकदा ओढून पाहिल्या, तेव्हा मी पुन्हा मोजल्या.

१३,००० फूट म्हणजे किती, सांगतो. आपण कळसूबाई चढलो तो ५,४०० फूट. त्या कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेव, वर दोनेक हजार फुटांची टेकडी ठेव, आणि तिथे दार उघड. पाय बाहेर, डोकं मागे, अंग केळ्यासारखं वाकवलेलं. माकडिणीच्या पोटाला पिलू असतं तसा मी त्याच्या पोटाला. 'उडी मारली' असं मी सगळ्यांना सांगतो, तुला खरं सांगतो, मी काही मारली नाही. तो गेला, मी बरोबर गेलो.

जत्रेतल्या पाळण्यात पोटात खड्डा पडतो तसं होईल म्हणून मी पोट आवळून धरलं होतं. तसं काही झालंच नाही. विमान आधीच वेगात पळत असतं, आपण त्या वेगासकट बाहेर पडतो, आणि आडवा वेग हळूहळू उभ्यात बदलत जातो. पाचदहा सेकंदांनी तर पडतोय असंही वाटत नाही. खालून कुणीतरी हवेची गादी दाबून धरलीय असं वाटतं. पाठीमागे एक छोटं पॅराशूट सोडलेलं असतं, ते वेगाला लगाम घालतं, नाहीतर दोघांच्या वजनाने आम्ही फारच जोरात आलो असतो. तरी ताशी १९० किलोमीटरच्या आसपास. गाल कानापर्यंत गेलेले. ओरडलो, पण तो आवाज माझ्या कानांनाही आला नाही. हे मिनिटभर. मग एक झटका, आणि एकदम शांत. इतकं शांत की मागच्या पोराने घसा खाकरलेला ऐकू आला. मोठं पॅराशूट उघडतं ते साधारण कळसूबाईच्याच उंचीवर, हे मी तिथे लटकल्या लटकल्या हिशोब करून काढलं.

पाम जुमेराह, ते समुद्रात भराव घालून केलेलं बेट, तू चित्रात पाहिलंच असशील. जमिनीवरून बघायला गेलास तर रस्ता, भिंती आणि पार्किंग. पायाखाली बघितलं तेव्हा पहिल्यांदा झाड दिसलं, मधे खोड, दोन्हीकडे झावळ्या आणि भोवती लाटा अडवायला अर्धगोल बांध. २००१ साली त्याचं काम सुरू झालं. चिमीने एक गंमत सांगितली. दाराशी एवढं वाळवंट पडलेलं असताना या भरावाची वाळू समुद्राच्या तळातून उपसून आणली. वाळवंटातली वाळू वाऱ्याने घासून घासून गोल आणि गुळगुळीत झालेली असते, तिचे दाणे एकमेकांना धरत नाहीत. मला तेव्हा ते फक्त माहितीसाठी ठीक वाटलं. दुसऱ्या दिवशी तेच अंगाशी आलं.

उतरताना त्या पोराने दोन दोऱ्या माझ्या हातात दिल्या, म्हणाला डावी ओढ. ओढली. सगळी दुबई उजवीकडे गरकन फिरली. सगळ्या खटाटोपात माझ्या हाताने झालेलं काम ते एवढंच, आणि खरं सांगू, तेच मला सगळ्यात जास्त आठवतं. बाकी मी सामान होतो. महागडं सामान, दोन हजारांवर दिरहम, आपले पन्नास हजारांच्या घरात. ही रक्कम वहिनींना वाचून दाखवू नकोस, लगेच इकडे फोन येईल.

दुसऱ्या दिवशी वाळवंट. हत्ताच्या रस्त्याला बदायर म्हणून भाग आहे, तिथे एक मोठी तांबडी टेकडी, सगळे तिला 'बिग रेड' म्हणतात. वाळूत लोहाचा अंश आहे म्हणून रंग तांबडा. प्रीतिसंगमावरची वाळू पायाला कशी टोचते? ही मुठीत धरवत नाही, मोहरीसारखी घरंगळून जाते. आमचा गाइड पेशावरचा पठाण. त्याने आधी लँड क्रूझरच्या चारी टायरांतली हवा काढली, ३५ वरून १५ वर. मी म्हटलं, अहो, पंक्चरवाला तरी एवढी काढत नाही. तर म्हणाला, टायर पसरला की पाय उंटाचा होतो. मला हे फार आवडलं.

लँड क्रूझरमध्ये आम्ही नुसते आपटत बसलो. माझं डोकं दोनदा वरच्या पाइपांना लागलं. पण नंतर बग्ग्या होत्या, चार चाकं, पाइपांचा पिंजरा आणि मागे उंच काठीला झेंडा. टेकडीपलीकडच्याला गाडी दिसत नाही, झेंडा दिसतो, म्हणून तो. पठाण म्हणाला, "भाभीजी, आप चलाएँगी?" मी 'नको' म्हणायला तोंड उघडेपर्यंत तुझी वहिनी स्टिअरिंगवर बसून पट्टा लावून मोकळी.

बंड्या, ही बाई पुण्याला जाताना मी ऐंशीच्या पुढे गेलो की 'अहो' म्हणते. नव्वदला नुसतं बघते. तीच बाई त्या तांबड्या चढावर अशी गेली की मी डोळेच मिटले. पठाणाचे नियम तीनच. चढ सरळ घ्यायचा आणि मधे थांबायचं नाही, माथ्यावर पाय सैल करायचा, उतारावर तोंड सरळ ठेवून ब्रेकला हात लावायचा नाही. आडवं वळलास की वाळू खालून सरकते आणि गाडी कुशीवर. हिने तिन्ही नियम पहिल्या फेरीत पाळले. मी विचारलं, तुला कसं जमलं? म्हणाली, "पावसाळ्यात गोठ्यापुढच्या शेणकाल्यातून स्कूटी काढायची असते तसंच आहे की. ब्रेक मारला की आडवे."

मग माझी पाळी. मी अठराव्या वर्षापासून गाडी चालवणारा, कुंभार्ली घाट पाठ असलेला माणूस. माथा आला, पुढे काहीच दिसेना, नुसतं आभाळ, आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. बग्गी माथ्यावर पोट टेकून बसली, चारी चाकं अधांतरी. तसाच वर बसून राहिलो, गणपती बसवल्यासारखा. पठाण पट्टा घेऊन वर चढेपर्यंत तुझ्या वहिनीने माझे अकरा फोटो काढले. दोन तुला पाठवणार होती, मी हातापाया पडून थांबवलंय.

रात्री झोप लागेना. १३,००० फुटांवरच्या दारात पाय सोडून बसलो तेव्हा मी भ्यायलो नव्हतो, कारण करायला काही नव्हतंच. या शंभरेक मीटरच्या वाळूच्या ढिगावर मात्र भ्यालो, कारण पाय माझा होता. तुला कुंभार्ली आठवतो ना? हेळवाकच्या बाजूने वर, आणि मग तुझी येझदी न्यूट्रलला टाकून, इंजिन बंद करून पोफळीच्या बाजूने खाली. वाचलेल्या पेट्रोलची मिसळ खायची. तेव्हा भीती का नाही वाटली? मला वाटतं, तू पुढे होतास म्हणून.

शेवटी ट्रॅक. मोटर सिटीत दुबई ऑटोड्रोम म्हणून रेसचा ट्रॅक आहे, २००४ चा, पूर्ण धरला तर ५.३९ किलोमीटर. शेजारी गो-कार्टचा छोटा ट्रॅक आहे, तिथे चिमीने मला दोनदा ओव्हरटेक केलं. बापाची लाज वगैरे काही नाही. खरी मजा मोठ्या ट्रॅकवर. आधी वर्गात बसवतात, फळ्यासमोर, शाळेसारखं. मला वाटलं वेगाबद्दल सांगतील. मास्तर (केरळचा माणूस, आवाज अगदी मऊ) वेगाचं नावच घेईना. पाऊण तास नुसता ब्रेक. म्हणे, गॅस तर कुणीही दाबतं.

त्याने टायरच्या पकडीचं सांगितलं ते मी आपल्या भाषेत सांगतो. एक विहीर आहे आणि दोन भाऊ आहेत, एकाचं नाव ब्रेक, दुसऱ्याचं वळण. पाणी तेवढंच. दोघांनी एकदम मोट धरली की दोघांचीही पिकं वाळणार. म्हणून पाळी लावायची. सरळ रस्ता असेतो ब्रेकने सगळं पाणी ओढून घ्यायचं, जोरात, लाजायचं नाही. वळण सुरू झालं की ब्रेकने हळूहळू मोट सोडत जायची आणि दुसऱ्याने ती धरत जायची. गाडी वळणाच्या आतल्या टोकाला लागली की मग गॅस. आपण आयुष्यभर काय केलं? वळणात शिरायचं, घाबरायचं आणि मधेच ब्रेक दाबायचा. दोन्ही भाऊ विहिरीवर आणि हाणामारी.

गाडी रेसचीच, बाजूला मास्तर. स्टिअरिंग डावीकडे, गिअर स्टिअरिंगमागच्या पात्यांवर. तरी सवयीने माझा डावा हात गिअर शोधायला जायचा आणि दारावर आपटायचा. पहिल्या फेरीत सहा वेळा. मास्तर काही बोलला नाही, मोजत होता हे नंतर कळलं. सरळ पट्ट्यावर काटा १७० च्या वर गेला आणि समोर शंकूच्या आकाराचे कोन दिसले, ब्रेकची जागा दाखवणारे. मी कोनाच्या कितीतरी आधी ब्रेक मारला. तो म्हणाला, "लवकर." दुसऱ्या फेरीत परत, "लवकर." तिसऱ्या फेरीत मी दात आवळून थांबलो, कोन आला, पाय रोवला. बंड्या, पट्टे छातीत रुतले, पुढचं नाक खाली बसलं आणि गाडी जणू कुणी मागून शेपूट धरल्यासारखी आवरली. घाटात तीस वर्षं ब्रेक मारले, पण ब्रेक म्हणजे काय ते त्या क्षणी कळलं. केवढा विश्वास टाकता येतो त्याच्यावर! मी तो कधी टाकलाच नव्हता. नुसता चाचरत दाबत आलो.

आणखी एक सांगितलं त्याने, डोळ्यांचं. गाडी जिथे आहे तिथे बघायचं नाही, जिथे जायचंय तिथे मान वळवून बघायचं, हात आपोआप मागोमाग येतात. मी भिंतीकडे बघितलं तेव्हा गाडी भिंतीकडे निघालीसुद्धा. मास्तरने हाताने माझी हनुवटी फिरवली, बोहल्यावरच्या नवऱ्याची फिरवतात तशी. पाचव्या फेरीनंतर पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबतात तिथे, आलो, हेल्मेट काढलं, तर डोक्यावर चार केस होते तेही ओले. चिमी म्हणाली, "बाबा, उडी मारून आलात तेव्हाही एवढा खूष नव्हतात."

बाकीचं उरकतो. अबुधाबीला यास मरीना सर्किट बाहेरून पाहिलं. २००९ पासून फॉर्म्युला वनची शर्यत होते ती हीच जागा. आठवड्यातल्या काही संध्याकाळी तो ट्रॅक सायकलवाल्यांना आणि पायी चालणाऱ्यांना मोकळा असतो, हे मला फार भारी वाटलं. शेजारी फेरारी वर्ल्डमध्ये रुळांवरून धावणारा एक पाळणा आहे, पाच सेकंदांच्या आत ताशी २४० किलोमीटरला नेतो. बसलो. परत सामानच. रास अल खैमाच्या डोंगरात २.८३ किलोमीटरची झिपलाइन आहे, तिथे तुझी वहिनी एकटी जाऊन आली. मी खाली चहा प्यायलो.

तुझ्यासाठी मी मुद्दाम विचारून ठेवलंय. उडी विसर, पाळणा विसर. पण डॉक्टरांनी हो म्हटलं तर वर्गातला तो पाऊण तास तू ऐकावास असं मला फार वाटतं, पुढच्या फेऱ्या मी मारीन आणि तू पिटमध्ये बसून शिव्या घाल. तेवढ्यासाठी मी परत जायला तयार आहे. मार्चपर्यंत तिकडे हवा बरी असते, नंतर भट्टी.

त्याआधी एक काम कर. तुझ्या पोराने गोठ्यातून येझदी काढून चालू केली म्हणालास. शनिवारी मी चिपळूणला येतोय, तोवर तिच्या मागच्या ब्रेकचे लायनर उघडून बघ. आपण ते शेवटचे कधी बदलले मला आठवत नाही, आणि मला भलतीच शंका आहे की आपण ते कधी बदललेच नाहीत.

वहिनींना नमस्कार. गोळ्या वेळेवर घे.

तुझा,
राजा