सिस्टर, त्या दिवशी तुम्हाला उकडत नव्हतं

नमस्कार सिस्टर,

तुमचं नाव इथं लिहीत नाही आणि हॉस्पिटलचंही नाही. लिहिलं तर पुढच्या वेळी तुम्ही मुद्दाम जाड सुई काढाल, असं ही म्हणते. मी म्हटलं, ती सुई आधीच एवढी जाड आहे की आणखी काय काढणार?

मागच्या जानेवारीतली गोष्ट. तुम्हाला आठवतही नसेल. कॅन्सरवरचं माझं तिसरं इंजेक्शन होतं. इंजेक्शनच्या खोलीत बाकड्यावर आम्ही पाचजण बसलो होतो, सगळे कानटोप्या आणि मफलरमध्ये. साताऱ्याची थंडी त्या आठवड्यात चांगलीच जागी झाली होती. आणि नेमकी तिथं मला वाफ आली.

ती छातीतून सुरू होते. मग मान, कान, टाळू. दोन मिनिटांत शर्ट अंगाला चिकटतो. मी ३१ वर्षं एसटी चालवली. जुन्या लाल गाड्यांत इंजिन ड्रायव्हरच्या शेजारीच, बॉनेटखाली असायचं. मे महिन्यात वाईहून पसरणी घाट चढताना डावी मांडी भाजून निघायची. पण ती धग बाहेरून यायची आणि पाचगणीला टेकलं की उतरायची. ही आतून येते, आणि हिला पाचगणी नाही.

मी मफलर काढला, स्वेटर काढला, तरी कपाळावरून धारा. शेजारचा माणूस जरा सरकून बसला. त्याला वाटलं असणार, ह्याला काहीतरी लागण आहे. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं मला.

तुम्ही रजिस्टर लिहीत होता. मान वर केलीत, एकदाच बघितलंत. उठून पंख्याचं बटण दाबलंत, रेग्युलेटर थेट पाचवर नेलात, आणि जागेवर येऊन पुन्हा लिहायला लागलात. बाकड्यावरून कुणीतरी कुरकुरलं, "अहो, थंडीत पंखा कशाला?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मला उकडतंय."

आणि स्वेटरची वरची दोन बटणं लावून घेतलीत.

ह्या पत्राचं कारण एवढंच आहे. बाकी जे लिहितोय ते तुम्हाला त्याचं मोल कळावं म्हणून.

त्याआधीचे सहा महिने कसे गेले ते सांगतो. रक्ताच्या तपासणीत पीएसए वाढलेला दिसला, तुकडा काढून तपासला, म्हणजे बायोप्सी झाली, प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर निघाला, रेडिएशन झालं. त्या लोकांनी जीव वाचवला, त्यांचे उपकार आहेतच. हार्मोनच्या उपचाराचं म्हणाल तर दहा मिनिटांत विषय आटोपला: एक तर अंडकोष काढायचं ऑपरेशन, एकदाच आणि स्वस्तात, नाहीतर दर तीन महिन्यांनी पोटात इंजेक्शन, दोन वर्षं. काम दोन्हीचं एकच. हा कॅन्सर अंगातल्या टेस्टोस्टेरॉन नावाच्या पुरुषी हार्मोनवर पोसतो, तेव्हा त्याचा पुरवठाच तोडायचा. मुलीनं नंतर वाचून दाखवलं, अमेरिकेतल्या चार्ल्स हगिन्स नावाच्या डॉक्टरनं १९४१ साली हे दाखवून दिलं आणि त्याला १९६६ साली नोबेल मिळालं. मिळायलाच पाहिजे. डिझेल बंद केलं की इंजिन थांबणारच. पण त्याच टाकीवर गाडीतलं आणखी काय काय चालतं, ते मला कुणी सांगितलं नाही.

दंडाचं मांस गेलं, पोट सुटलं. छाती बायकांसारखी हुळहुळी झाली, म्हणून नुसत्या बनियनवर अंगणात बसणं बंद केलं. दोन जिने चढलो की धाप. आणि रडू! नातीनं शाळेतली कविता म्हणून दाखवली तर मी घळाघळा रडलो. पोरगी घाबरून आत पळाली. बापाच्या तिरडीपुढं न रडलेला माणूस मी.

रात्री घामानं गादी ओली व्हायची, तेव्हा आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, छातीचा फोटो काढला आणि म्हणाले, टेन्शन घेऊ नका. कुठलं इंजेक्शन चालू आहे, हे त्यांनी विचारलं नाही. आणि जी गोष्ट नवरा-बायकोतच राहते, ती मी धीर करून एका मोठ्या डॉक्टरांपुढं काढली. दार उघडं, बाहेर नंबर लावून बसलेली माणसं. ते मोठ्यानं हसले. "आजोबा, अडुसष्ट वय झालं, आता काय करायचंय तुम्हाला? जिवावरचं शेपटावर निभावलं म्हणा." बाहेर दोघं हसल्याचं मला ऐकू आलं. शेपूट माझं होतं, त्यांचं नव्हतं, एवढंच म्हणायचं होतं. म्हणालो नाही. फाईल उचलली आणि आलो.

म्हणून, सिस्टर, तो पंखा.

बाकीचे गेल्यावर तुम्ही दार लोटलंत, स्टूल जवळ ओढलंत आणि विचारलंत, "काका, दिवसातनं किती वेळा येतात वाफा?" ह्याला नाव आहे, हे मला तेव्हा कळलं. नाव असलेल्या गोष्टीची भीती निम्मी होते. मग तुम्ही म्हणालात, "काकू बाहेर का? त्यांना आत बोलवा," आणि तिघांमध्ये ते सगळं बोलणं झालं. ही ऐकत होती. तुमचं संपल्यावर साध्या आवाजात म्हणाली, "मला सेहेचाळिसाव्या वर्षापासून चार वर्षं हेच होत होतं, सिस्टर. रात्री पंखा लावला की हे उठून बंद करायचे. पहाटे पाचची ड्यूटी असायची ना, थंडी वाजते म्हणायचे."

तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. तेच जास्त लागलं. डॉक्टर हसले म्हणून मी इतके दिवस मनात धुमसत होतो, आणि इकडे चार वर्षं पंखा कोण बंद करत होतं?

तुम्ही सांगितलेलं सगळं इथं उगाळत नाही. वाफ कधी आली ते लिहून ठेवायला सांगितलंत, ते मला जमलं, जन्मभर लॉगशीटच भरली. आठवडाभरात दिसलं की कढत चहा आणि मिरचीचा ठेचा हेच मोठे गुन्हेगार. वाफांवर औषधं असतात, डॉक्टरांना विचारा, हेही तुम्हीच सांगितलंत. डेपोतल्या मित्रानं ताकद यावी म्हणून शिलाजित आणून दिलं होतं, ते न विचारता घ्यायचं नाही म्हणून दटावलंत. आणि हाडं. ह्या इंजेक्शनानं हाडं विरळ होतात, तपासून घ्या, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाचं विचारा, वजन उचला, चढ चढा. चेसिस गेली तर बॉडी रंगवून काय उपयोग, हे ड्रायव्हरला वेगळं समजवावं लागत नाही. पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या घेऊन सकाळी व्यायाम करतो. अजिंक्यताऱ्यावर आधी निम्म्या वाटेतून परत फिरायचो, दिवाळीपासून वरच्या दरवाजापर्यंत जातो. ही पुढं, मी मागं.

वाफा गेलेल्या नाहीत. दिवसाला आठ-दहा यायच्या, आता तीन-चार येतात. रडूही येतं. नातीला आता माहीत झालंय, ती नॅपकिन आणून देते आणि कविता पुढं चालू ठेवते.

आमच्याकडं कंडक्टर दोन तऱ्हेचे असायचे. एखादी म्हातारी गाठोडं घेऊन चढली की काहीजण तिचा मागचा पाय आत यायच्या आधी डबल बेल मारायचे. काहीजण ती बसेपर्यंत दोरीला हात लावायचे नाहीत. तिकीट दोघंही तेवढ्याच पैशाचं फाडायचे आणि पगारही सारखाच घ्यायचे. मी आरशात बघायचो. थांबणारे कोण, ते मला आजही नावानिशी आठवतात. तुमच्या हॉस्पिटलातसुद्धा थांबणारे आणखी कुणी असतील. मला तुम्ही भेटलात.

आता रात्री वाफ आली की मी चाचपडत उठायच्या आत पंखा वाढलेला असतो. शेजारी ही डोक्यावरून गोधडी ओढून घेते. मी विचारलं तर म्हणते, "मला उकडतंय." तुमच्याकडूनच शिकली.

आपला,
सातवं इंजेक्शन बाकी असलेला एक काका

ता. क. पुढच्या मंगळवारी येतोय. कंदी पेढे आणणार आहे. साखर वाढते, हे मला माहीत आहे, तुम्हीच सांगितलंय. मी खाणार नाही. तुम्ही खा, आणि त्या बाकड्यावर बसलेल्यांनाही द्या.