बर्लिओझ कुठल्या बिल्डिंगमध्ये? 'अँतूशाब्ल'च्या अनाम सबटायटलकारास

सप्रेम नमस्कार.

'अँतूशाब्ल' या २०११ च्या फ्रेंच चित्रपटाची मराठी सबटायटल्स तुम्ही केलीत आणि फाइलमध्ये कुठेही स्वतःचं नाव घातलं नाहीत. म्हणून हे उघडं पत्र. 'केलीत', 'घातलं नाहीत' ही मराठीची मोठीच सोय आहे. तुम्ही बाई आहात की बुवा हे ठाऊक नसतानाही आभार मानता येतात.

पहिले आभार नावाबद्दल. शब्दकोश उघडून कुणीही 'अस्पृश्य' लिहून मोकळं झालं असतं. पण तो शब्द महाराष्ट्रात उच्चारला की चवदार तळ्यापासूनचा सगळा इतिहास सोबत येतो, आणि पॅरिसमधला मानेखाली लुळा पडलेला श्रीमंत फिलिप आणि उपनगरी वस्तीतून आलेला, नुकताच तुरुंगातून सुटलेला ड्रिस यांचा त्याच्याशी संबंध नाही. मूळ नाव देवनागरीत तसंच ठेवलंत, हे बरं केलंत.

दुसरे आभार 'तुम्ही'बद्दल. ड्रिस नोकरीच्या मुलाखतीला येतो तो नोकरीसाठी नव्हे, बेकारभत्ता चालू राहावा म्हणून नकाराची सही घ्यायला. या प्रसंगात दोघंही एकमेकांना फ्रेंचमधल्या आदरार्थी 'वू'नंच बोलतात. मराठीत हात आपोआप घसरतो. मालक 'तू' म्हणणार, नोकर 'साहेब, तुम्ही'. तसं केलं की हा चित्रपट संपला, कारण ड्रिस फिलिपची कीव करत नाही आणि त्याला दबतही नाही, यावरच तर सगळी गंमत उभी आहे. तुम्ही दोन्हीकडे 'तुम्ही' ठेवलंत आणि एकही 'साहेब' घुसवला नाहीत. वस्तीतला माणूस म्हणून ड्रिसच्या तोंडी मालवणी किंवा वऱ्हाडीही कोंबली नाहीत. गरीब पात्र दिसलं की त्याला बोली चिकटवायची ही आपल्याकडची जुनी खोड. तुम्ही फक्त त्याची वाक्यं आखूड केलीत आणि फिलिपची लांब. तेवढ्यानं काम झालं.

याच मुलाखतीत बर्लिओझ येतो. फिलिप या नावाच्या फ्रेंच संगीतकाराबद्दल विचारतो, तर ड्रिसला त्या नावाची वसाहत माहीत, आणि तो उलट विचारतो की तिथे तुम्ही कुणाला ओळखता, कुठल्या बिल्डिंगमधल्या? इथे कंसात 'वसाहतीचं नाव' असं लिहिण्याचा मोह भल्याभल्यांना झाला असता. तुम्ही 'बिल्डिंग' या एका शब्दावर भरवसा टाकलात. राम गणेश गडकऱ्यांची एक ओळही न वाचलेला ठाणेकर गडकरी रंगायतन या नाट्यगृहाबद्दल 'गडकरीला नाटक आहे' म्हणतोच. त्यामुळे विनोद समजावून सांगायची गरज नव्हती.

विनोदाच्या वेळेचंही तसंच. फिलिप चॉकलेट मागतो आणि ड्रिस म्हणतो, हात नाहीत तर चॉकलेटही नाही. हे एकाच सबटायटलमध्ये टाकलं की प्रेक्षक नटाच्या आधी वाचतो, आधी हसतो, आणि पडद्यावरचा ड्रिस शिळा होतो. तुम्ही त्याचे दोन तुकडे केलेत आणि दुसरा तुकडा त्याचे ओठ उघडल्यावरच आणलात. ऑपेरात झाड झालेला गायक जर्मनमध्ये गातो, तेव्हा तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. तेच योग्य. ड्रिसला न कळलेलं आपल्याला कळलं, तर त्याच्या हसण्यात आपण कसे सामील होणार?

आता थोडं यंत्राचं, कारण पुढे ज्यांच्या हाती ही फाइल जाईल ते इथेच अडतील. मूळ चित्रपट ११२ मिनिटांचा, सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेम्सचा). युरोपातल्या डीव्हीडीवर तो २५ नं पळतो आणि साधारण १०७ मिनिटं ३१ सेकंदांत संपतो. त्यामुळे मूळ वेगाला जुळवलेली सबटायटल्स तिथे दर दहा मिनिटांना सुमारे २४-२५ सेकंद मागे पडतात. लोक पहिल्या संवादाशी वेळ जुळवून निश्चिंत होतात आणि अर्ध्या तासात पुन्हा बोंब. नुसतं सरकवून भागत नाही, सगळ्या वेळांना ०.९६ नं गुणावं लागतं. फाइल यूटीएफ-८ मध्येच (देवनागरी नीट साठवणाऱ्या अक्षरसंकेतात) जतन करायची, नाहीतर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं किंवा भलत्याच खुणा दिसू शकतात. आणि वेळेच्या ओळीत देवनागरी आकडे टाकायचे नाहीत. मराठी कीबोर्ड चालू राहिला की हे हमखास होतं आणि प्लेअर ती ओळ गिळून टाकतो.

वाचनाचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर मराठीला उगाच लाल खुणा करतं, हेही तुम्ही ओळखलंत. 'स्त्रियांनी' हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा, पण काना, मात्रा, हलन्त वेगळे धरून यंत्र अकरा मोजतं. त्या खुणांना घाबरून तुम्ही संवाद छाटले नाहीत.

तक्रार एकच. वाढदिवसाच्या प्रसंगात एक धून ऐकून ड्रिसला बेकारभत्त्याच्या कार्यालयाचा फोन आठवतो, सगळ्या लाइन व्यस्त असलेला. तिथे तुम्ही 'कार्यालय' लिहिलंत. कुठलं, ते राहिलं. 'बेकारभत्ता कार्यालय' दोन ओळींत सहज मावतं.

२५ चौकटींसाठीची वेगळी फाइल आम्ही केली आहे, शब्द तुमचेच. नाव कळवलंत तर शेवटच्या पाटीनंतर घालू. चार सेकंद पुरतील.

आपले,
सबटायटल्स वाचत सिनेमा पाहणारे काही जण